दयानंदअण्णांचं नाक आणि अक्कांची विहीर

आमच्या ऑफिसात दयानंदअण्णांना न घाबरणारा माणूस सापडायचा नाही, आणि त्यात मालक सुधींद्र सरही आले. अण्णांचं काम विचाराल तर गाडी चालवायची आणि पाण्याचे नमुने काढायचे, एवढंच. पण नमुन्याच्या दिवशी सकाळी इंदिरानगरच्या आमच्या ऑफिसच्या दारात हा माणूस फौजदारासारखा उभा राहायचा आणि गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाला हुंगायचा. सेंट, केसांचं तेल, डास पळवायचं मलम, काही म्हणजे काही चालायचं नाही.

मी पुण्याहून भूजलाची नोकरी धरून इथे बेंगळुरूला आले ती कोविडच्या आदल्या वर्षी. पहिल्याच आठवड्यात हाताला लव्हेंडरचं क्रीम लावून गाडीत चढले. अण्णांनी इंजिन बंद केलं.

"मॅडम, उतरा."

"का?"

"हाताला बागेचा वास येतोय. धुऊन या. बिनवासाचा साबण मोरीत ठेवलाय."

मला कोणी 'उतरा' म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी तिथेच भांडले. माझी पदवी काढली, माझं वय काढलं, त्यांचं वयही काढलं. अण्णा शांतपणे स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. शेवटी मी पाय आपटत जाऊन हात धुऊन आले, तर म्हणतात, "अजून स्वल्प हाय." मी परत धुतले. त्या दिवसापासून आमचं जे जमलं ते जमलंच.

त्यांचं म्हणणं खरं होतं, हे मला राग येत असतानाही ठाऊक होतं. पेट्रोलपंपाच्या पोटात, जमिनीखाली टाक्या असतात. जुन्या झाल्या की गंजतात आणि झिरपायला लागतात. पेट्रोल मातीतून उतरत भूजलापर्यंत जातं. बरंचसं पाण्यावर तरंगतं, थोडं पाण्यात मुरतं. ते काढायचं तर जमिनीत नळ्या घालून वाफ ओढून घ्यावी लागते, पाणी उपसून कोळशातून गाळावं लागतं, आणि हे सगळं वर्षानुवर्षं चालतं. आमचं काम त्यानंतरचं. दर तिमाहीला आसपासच्या विहिरींतून आणि बोअरमधून नमुने काढायचे आणि विष किती उरलंय ते बघायचं. हे मोजमाप इतकं नाजूक की हातावरचं क्रीमसुद्धा गोंधळ घालू शकतं. नमुन्याच्या दिवशी गाडीत पेट्रोल भरणं हे तर महापाप. हे सगळे नियम मी पुस्तकात वाचले होते. अण्णांनी ते व्रत म्हणून घेतले होते.

अण्णा मूळचे निपाणीचे. वडील तंबाखूच्या वखारीत हमाल. अण्णा तरुणपणीच बोअरवेल खोदणाऱ्या गाडीवर कामाला लागले आणि गावोगाव फिरत शेवटी बेंगळुरूला टेकले. "अर्ध्या कर्नाटकाला मी भोकं पाडलीत मॅडम," ते सांगायचे. "आता म्हातारपणी भोकं तपासत फिरतोय. केलेलं फेडावं लागतंय, दुसरं काय!" आता हेब्बाळला दोन खोल्यांत ते आणि चंपावहिनी राहतात. वहिनी शिवणकाम करतात आणि अण्णांना धाकात ठेवतात. ऑफिसातला सगळा रुबाब उंबऱ्याबाहेर काढून ठेवावा लागतो.

आमच्या कागदांवर बोअरना नुसते आकडे असतात. अण्णांनी प्रत्येकीला नाव ठेवलं होतं. जिच्यात पाणी हळूहळू भरतं ती लाजरी. जिचं झाकण दर वेळी अडकतं ती कजाग. नमुन्याची इवलीशी बाटली काठोकाठ भरून, हवेचा एकही बुडबुडा न राहू देता तिचं बूच लावायचं असतं. अण्णा ती उलटी करून उजेडात धरायचे आणि एक डोळा मिटून बघायचे. चुकून बुडबुडा दिसला की स्वतःलाच एक कन्नड शिवी हासडून पुन्हा भरायचे.

आणि नाक. नाकाचा त्यांना केवढा अभिमान! बोअरचं झाकण काढलं की मागच्या खेपेपेक्षा वास वाढलाय की घटलाय हे ते यंत्र लावायच्या आधी सांगायचे. मी ओरडायचे, की अहो ते विष आहे, वाकून काय हुंगताय! त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर: "यंत्र कंपनीचं हाय मॅडम, नाक माझं सोताचं हाय." कोविडनंतर त्यांनी बोअरवर वाकणं सोडलं. मला वाटलं, माझं ऐकलं. दारातला फौजदार मात्र आणखी कडक झाला. कोणी काही लावलेलं असो-नसो, सरसकट सगळ्यांना हात धुवायला पाठवायला लागले. वय झालं की माणसं हट्टी होतात, असं आम्ही आपसात म्हणायचो.

मल्लेश्वरमच्या अहल्या अक्कांची विहीर आमच्याकडे आली ती कोविडची दुसरी लाट ओसरल्यावर. अक्का टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. घर माहेरचं, वडिलांनी त्यांच्या नावावर केलेलं. घराणं मराठी, पण बेंगळुरूत इतक्या पिढ्या काढलेलं, की अक्कांच्या बोलण्यात मराठी कुठे संपतं आणि कन्नड कुठे सुरू होतं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. मागच्या गल्लीत एक जुना पेट्रोलपंप होता. एका उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. शेजारी म्हणाले, तुम्हाला भास होतोय. अक्कांनी बादलीभर पाणी काढलं आणि नेऊन शेजाऱ्यांच्या पायरीवर ठेवलं. पाण्यावर तेलाचे रंग चमकत होते. मग कुठे चक्रं हलली. पंपाची टाकी फुटलेली निघाली, पंप बंद झाला, आणि सरकारी माणसांनी अक्कांच्या विहिरीवर लोखंडी जाळी बसवून लाल पाटी टांगली, की हे पाणी वापरू नये.

अक्का त्या जाळीपुढे रोज रांगोळी काढायच्या. शुक्रवारी काठाला हळदकुंकू. माझ्या जिभेला हाड नाही, मी एकदा म्हटलं, "अक्का, पेट्रोलच्या विहिरीला कसलं हळदकुंकू लावता?"

"आजारी माणसाचं तोंड आपण पुसत नाही का ग?" अक्का म्हणाल्या.

त्या घरात एक रीत होती. बाळंतीण उठून हिंडूफिरू लागली की तिने परसातल्या विहिरीवर जायचं, गंगेची पूजा करायची, स्वतःच्या हाताने कळशी भरून आत आणायची. ती कळशी आत आली की बाळंतपण पार पडलं. अक्कांच्या आईने याच विहिरीवर ही पूजा केली, अक्कांनीही केली. विहिरीला जाळी बसली त्या वर्षी अक्कांची भाची बाळंत झाली. नेमकं पूजेच्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. शेवटी वीस लिटरच्या प्लास्टिकच्या कॅनला हळदकुंकू लावून गंगापूजा उरकली. अक्कांना ते अजून सहन होत नाही.

"कॅनमधून गंगा येते होय ग?" त्या मला विचारत होत्या. "रिकामा झाला की दुकानदार परत नेतो तो!"

आणि गेल्या वर्षी अक्कांच्या एकुलत्या एका मुलीला, रम्याला, दिवस गेले. ती बाळंतपणासाठी आईकडे येणार होती. सरकारी नियम असा, की लागोपाठ चार तिमाही विहिरीचा नमुना स्वच्छ आला तर जाळी निघते. तीन आले होते. चौथा दसऱ्यानंतर काढायचा होता. तो चांगला आला तर रम्याची पूजा घरच्या विहिरीवर होणार, नाहीतर मोजणी पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे आणखी वर्षभर जाळी. अक्का त्या चौथ्या नमुन्याकडे डोळे लावून बसल्या होत्या.

"अक्का, काळजीच सोडा," अण्णांनी सांगून टाकलं. "लेकीची पूजा हितंच. माझा शब्द हाय."

परतताना गाडीत मी त्यांना फैलावर घेतलं. पाण्याच्या वतीने शब्द देणारे आपण कोण? अण्णा नुसते हसले. त्या घरात त्यांचा जीव अडकला होता. फाटक वाजलं की अक्का आतूनच हाक मारायच्या, "बा दयानंदा, ऊट झालं का?" जेवण झालेलं असो वा नसो, ताट वाढलेलंच असायचं. अण्णाही स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "काय वास सुटलाय अक्का!" एकदा अक्कांची फोडणी पार जळून कोळसा झाली होती. मी आणि शेजारची मोलकरीण खोकून बेजार. आणि अण्णा दाराशी डोळे मिटून उभे: "अहाहा! काय खमंग!" त्यावर आम्ही किती दिवस हसलो. अक्का मात्र म्हणाल्या, "हसू नका. मन राखतो तो दुसऱ्याचं."

आता आयुधपूजेचं सांगते, कारण घोटाळा तिथे झाला. खंडेनवमीला आमच्याकडे पुण्यात पाटीवर सरस्वती काढून दोन अवजारांना फुलं वाहिली की झालं. बेंगळुरूत तसं चालत नाही. रिक्षा, बस, शिलाईमशीन, कॉम्प्युटर, लिफ्ट, सगळ्यांना आंघोळ, गंध, झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबं, केळीचे खुंट. आमच्या ऑफिसात पूजेची सूत्रं अण्णांकडे. गाडी, पाण्याची पातळी मोजायची टेप, नमुने काढायचा छोटा पंप, सगळं त्यांनी आदल्या दिवशी हेब्बाळला घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी असं चकाचक करून आणलं की सुधींद्र सरांनी फोटो काढून मंडळींना पाठवले. पंपाच्या पोलादी अंगात माझा चेहरा दिसत होता.

दसरा उलटला आणि आम्ही नमुने काढायला निघालो. पंप नेहमीप्रमाणे साबणाने धुतला, शुद्ध पाण्याने खंगाळला. त्यातही अण्णांचा नियम पक्का, की स्वच्छ विहीर आधी, घाण विहीर शेवटी, म्हणजे एकीची घाण दुसरीला लागत नाही. त्यामुळे पंप पहिल्यांदा सोडला तो अक्कांच्या विहिरीत. अण्णांनी बाटली उजेडात धरली, एक डोळा मिटला. बुडबुडा नव्हता. अक्कांनी बाटलीला लांबूनच नमस्कार केला.

दिवाळीच्या तोंडावर अहवाल आला. अक्कांच्या विहिरीत बेंझिन. पेट्रोलमधला सगळ्यात वाईट घटक, आणि थोडाथोडका नव्हे. मी तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला. पंप धुतल्याची खात्री म्हणून आम्ही पंपातून काढलेल्या शुद्ध पाण्याची एक कोरी बाटलीही पाठवतो, पण ती बर्फाच्या पेटीत तडकली होती. अशी एखादी तडकतेच. सुधींद्र सर म्हणाले, पाऊस जोरात झाला, भूजल वर चढलं, मातीत लपलेलं पेट्रोल खाली धुऊन आलं, असं होतं. आणि तसं खरंच होतं. मलाही ते पटलं. यंत्रं पुन्हा सुरू करायची, मोजणी पहिल्यापासून.

अक्कांना सांगायला मी आणि अण्णा गेलो. रम्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. मी शक्य तितक्या हळू सांगितलं. अक्का ऐकत राहिल्या आणि शेवटी एकच कन्नड शब्द बोलल्या, "सरी," म्हणजे बरं. मग म्हणाल्या, "बसा, पानं वाढते."

"भूक न्हाई अक्का," अण्णा म्हणाले.

त्या घरात हे शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाले नव्हते. पुढचे काही दिवस ते नुसती गाडी चालवत होते. ऑफिसच्या दारात उभे राहिले नाहीत, कुणाला हात धुवायला पाठवलं नाही. आमची रिसेप्शनची मुलगी मुद्दाम अत्तर लावून त्यांच्यासमोरून गेली, तरी काही नाही. मला वाटलं, शब्द दिला होता, तो मोडला म्हणून मनाला लावून घेतलंय.

रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "मॅडम, अक्कांकडं या. तिथंच सांगतो. दोनदा सांगायची ताकद न्हाई माझ्यात."

मी पोचले तेव्हा अण्णा मागच्या पडवीत खाली बसले होते आणि अक्का खुर्चीत. अण्णांनी पिशवीतून एक जुनं बनियन काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "वास घ्या."

घ्यायची गरजच नव्हती. हातभर अंतरावरून पेट्रोल दरवळत होतं.

"आयुधपूजेला ह्यानंच पंप पुसला," अण्णा म्हणाले. "मागल्या लेबलाचा डिंक काय केल्या निघंना. गॅरेजात पेट्रोलनंच पुसतात सगळं. स्कूटरमधलं वाटीभर काढलं. पूजेला यंत्र चकाचक नको? म्हटलं, साबणानं धुतलं की जाईल. काल चंपा म्हणाली, ह्या बनियनचा वास दोनदा धुऊन जाईना. शिवणात डाग पडला तर ती बी पेट्रोल लावती, तिला ठाऊक. म्हणाली, कापडाचं सोडा, रबराला लागलं तर महिनाभर सुटत न्हाई. पंपाला रबरी नळी हाय न्हवं तुमच्या?"

माझ्या डोक्यात आधी शांतता झाली आणि मग स्फोट झाला.

"पेट्रोल? अण्णा, पेट्रोलने पुसलात? मला क्रीमसाठी गाडीतून उतरवलंत, सुधींद्र सरांना मिशीचं तेल पुसायला लावलंत, आणि स्वतः पेट्रोलचा बोळा घेऊन बसलात? आणि तो पंप विहिरीत सोडताना तुमच्या त्या नाकाला वास आला नाही?"

अण्णा खाली बघत होते. "न्हाई आला. वासच येत न्हाई मॅडम. कोविडपासनं. चंपाला सोडून कुणाला ठाऊक न्हाई."

मी त्यांच्याशेजारी खाली बसले.

"नाकावरच तर सगळी इज्जत व्हती माझी. म्हटलं, आज ना उद्या येईल परत. न्हाई आला." त्यांनी बनियनची घडी घातली, परत उलगडली. "आज बोललो नसतो तर कुणाला कळलं नसतं. पावसावर गेलं असतं. पण अक्कांनी माझ्यापायी वर्षभर जाळी बघायची, आनि मी त्यांच्याच हातचं जेवायचं, हे जमंना."

अक्का उठल्या आणि आत गेल्या. अण्णांनी मान आणखी खाली घातली. मलाही वाटलं, संपलं. मी अक्कांच्या जागी असते तर काठी आणली असती.

अक्का बाहेर आल्या त्या हातात हिंगाची डबी घेऊन. झाकण काढून त्यांनी ती अण्णांच्या नाकाखाली धरली. पडवीभर वास पसरला.

"हे काय आहे?"

"डबी हिंगाची दिसतीय."

"दिसतीय नको. वास येतो का सांग."

"न्हाई अक्का."

"मग त्या दिवशी जळक्या फोडणीला खमंग म्हणालास ते?"

"अंदाजानं. डोळं झोंबलं, म्हटलं फोडणीच असंल."

अक्का हसायला लागल्या. अगदी पोट धरून हसल्या, खांबाला टेकून हसल्या, आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले. "आणि चव?"

"चव बी स्वल्पच."

"मग इतकी वर्षं मी ते हिंग, ते मेथकूट, ती ताजी कोथिंबीर कुणासाठी घालत होते रे वेड्या मुठ्ठाळा?" त्या आता रागावल्या होत्या, विहिरीवरून नव्हे, तर हे त्यांना सांगितलं नाही म्हणून. "विहीर आजारी पडली तेव्हा मी गावभर बोंब मारली. तुझं नाक गेलं तर सांगायला तुला तोंड नव्हतं?"

अण्णा रडले. मीही रडले, आणि त्याचा मला पुन्हा राग आला.

मग माझी पाळी होती. पंपाची नळी शुद्ध पाण्याने खंगाळून ते पाणी तपासायला दिलं. त्यात पेट्रोल ठासून भरलेलं होतं. सुधींद्र सर आधी अण्णांवर ओरडले, मग माझ्यावर, मग त्या चकाचक पंपाचा फोटो स्वतःच्या फोनमधून पुसून टाकला. सरकारी कार्यालयातल्या बाईंना मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. मी वाद घालायच्या तयारीने गेले होते, चार मुद्दे पाठ करून. बाईंनी ऐकता ऐकता आपल्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर आयुधपूजेचं कुंकू अजून तसंच होतं. त्यांनी तिमाही संपायच्या आत, नवा पंप वापरून आणि त्यांच्या माणसासमोर पुन्हा नमुना काढायची परवानगी दिली.

तो नमुना अण्णांनी काढायला नकार दिला. हेब्बाळहून बसने आले आणि अक्कांच्या फाटकाबाहेर उभे राहिले. "माझ्या हाताचा भरवसा न्हाई. तुमी काढा." मी बाटली भरली, बूच लावलं, उजेडात धरली आणि एक डोळा मिटला. बुडबुडा होता. फाटकाबाहेरून आवाज आला, "परत भरा!" एवढ्या लांबून त्यांना बुडबुडा दिसला असेल असं मला वाटत नाही, माझा चेहरा दिसला असेल. मी परत भरली.

अहवाल आला तेव्हा मी तो वाचायच्या आधी अण्णांच्या हातात दिला. त्यांना इंग्रजी आकडे वाचता येतात, पण त्या दिवशी वाचता येईनात. मी वाचून दाखवले. विहीर स्वच्छ होती.

जाळी निघाली. गाळ काढला, विहीर धुतली, जंतूंची तपासणी वेगळी झाली, तीही पार पडली. तोवर रम्याला मुलगी झाली होती. माघातल्या एका सकाळी अक्कांचा फोन आला, की गंगापूजा आहे, तू आणि दयानंद नक्की या. चंपावहिनींनाही आणा.

लाल पाटी गेली होती, पण भिंतीवर तिचा चौकोन उरला होता. अक्कांनी त्यावर झेंडूची माळ लावली होती. रम्या हिरवी साडी नेसून काठाशी आली. पाच सवाष्णींनी हळदकुंकू वाहिलं. पाचवी कमी पडत होती, तिथे अक्कांनी चंपावहिनींना बसवलं. नारळ फुटला. रम्याने दोर सोडला, बादली पाण्याला लागल्याचा आवाज आला, आणि तिने ती हळूहळू वर ओढली. किती वर्षांनी त्या विहिरीतून बाटलीखेरीज दुसरं काही भरून वर येत होतं. रम्याने कळशी भरली. अक्कांनी तिला आत जायच्या आधी थांबवलं आणि कळशीतलं तांब्याभर पाणी काढून घेतलं.

"दयानंदा, बा इकडे."

अण्णा मागे, तुळशीपाशी उभे होते. स्कूटर घरी ठेवून बसने आलेले, स्टॉपपासून चालत आलेले. पुढे येण्याआधी त्यांनी नळावर हात धुतले. मी मोजत नव्हते, पण बराच वेळ धुतले. मग ओले हात तसेच अक्कांच्या पुढे धरले.

"वास घ्या अक्का. मला कळत न्हाई. पेट्रोलचा येत न्हाई न्हवं?"

अक्कांनी वास घेतला नाही. पुढे केलेल्या त्या हातांत त्यांनी तांब्या ठेवला.

"पी. या विहिरीचं इतकं पाणी उपसलंस, एक घोट कधी घेतला नाहीस. आज पहिला तू."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी तांब्या तोंडाला न लावता वरून धार धरली आणि डोळे मिटून प्यायले. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं. सगळे बघत होते. एरवी या माणसाने अशा वेळी काय काय वर्णन केलं असतं, अमृत म्हणाला असता, गावच्या विहिरीची आठवण काढली असती.

"कसं लागतंय?" अक्कांनी विचारलं.

अण्णांनी तांब्या खाली केला.

"चव, वास काय कळंना अक्का," ते म्हणाले. "पण गार हाय."

"तेवढं पुरे," अक्का म्हणाल्या, आणि रम्याला कळशी घेऊन आत जायला सांगितलं.